पैलतीराची ओ

“जनावरं गाण्याशिवाय नदीत उतरत नाहीत, म्हणजे काय?” कॅप्टन उर्बिनाने तिसऱ्यांदा विचारलं.

“म्हणजे उतरत नाहीत,” बाबा म्हणाले.

कॅप्टन काराकास शहरातला, वकिलाचा मुलगा. त्याच्या पायांत बूट होते. आराउका नदीच्या चिखलात बूट घालून फिरणारा माणूस बघितला की आम्हा मैदानी मुलखातल्या गुराख्यांना हसू आवरत नसे. पण होता सज्जन. स्पेनच्या राजाला हाकलून हा देश आपला करायचा, हे तो रोज कुणाला तरी समजावून सांगायचा आणि सांगताना त्याचा आवाज खरोखर भरून यायचा. सगळ्यांना तो ‘नागरिक’ म्हणे. बाबा ‘नागरिक आन्सेल्मो’, मी ‘नागरिक रेमिहिया’. मी दूध काढत असताना त्याने मला अशी हाक मारली की माझी गायसुद्धा वळून बघायची.

आमच्या गोठ्याच्या शाकारलेल्या छपराखाली तो जमिनीवर काडीने रेघा ओढत बसला होता. ही नदी. हा अलीकडचा काठ, जिथे दाट झाडीत त्याचे लोक लपले होते. हा पलीकडचा काठ, जिथे राजाची चौकी होती. बाकी सगळीकडे दरडी उभ्या. वर चढायला वाट म्हणून ती एकच. होड्या राजाच्या लोकांनी जाळून टाकल्या होत्या. मागून मोठी फौज येत होती आणि ती यायच्या आत ती वाट मोकळी करायची होती. नाहीतर अर्धी फौज पाण्यातच मारली गेली असती.

“तुमचा कळप दर पावसाळ्यात पलीकडच्या उंच रानात नेता ना?” तो म्हणाला. “या वर्षीही न्या. माझी माणसं गाई-बैलांच्या शेपट्या धरून मागून येतील. नुसती जनावरं पोहत येताना दिसली तर चौकीवाले गोळी घालणार नाहीत. उलट आयतं मांस आलं म्हणून खूश होतील. फक्त गाणं नको. आवाज झाला तर ते सावध होतील.”

बाबांनी तंबाखूची पिंक टाकली. “गाणं ऐकलं तर ते निजून राहतील. गाणं न ऐकता जनावरं आली तर उठून बसतील. तिथे बसलेलेही इकडचेच आहेत, स्पेनहून आलेले नाहीत.”

हे कॅप्टनला पटलं. मग मीच त्याला उरलेलं सांगितलं, कारण बाबांना एका दमात इतकं बोलायची सवय नव्हती.

आमच्याकडे कळप नदीपार न्यायचा तर एक माणूस पुढे पोहतो आणि हाक घालतो. ती हाक म्हणजेच गाणं. गाई त्या आवाजामागे जातात. पण मधल्या धारेत पोचल्यावर पुढच्या माणसाचा आवाज पुरत नाही. पाणी गर्जत असतं, काठ दिसत नसतो, जनावर घाबरतं आणि मागे वळतं. एक वळलं की दुसरं वळतं, मग सगळा कळप तिथल्या तिथे गोल फिरायला लागतो, एकमेकांच्या पाठीवर चढतो आणि बुडतो. म्हणून पलीकडच्या काठावरून कुणीतरी ओ द्यायची असते. गाण्यातली दुसरी ओळ त्याची. ती ऐकली की जनावराला कळतं, पलीकडे जमीन आहे आणि जमिनीवर माणूस आहे.

“आणि ओ देणारा कुणी नसला तर?” कॅप्टनने विचारलं.

“असतो,” मी म्हटलं. “जो कुणी काठावर असेल, ऐकेल, तो देतो. वैरी असला तरी देतो. जनावरांनी कुणाचं काय केलंय? कानावर पडलेली हाक तशीच सोडली, असं मी तरी अजून ऐकलेलं नाही.”

कॅप्टन हसला. “म्हणजे राजाचे शिपाईच आम्हाला बोलावून घेणार?”

बाबा हसले नाहीत. “माझी एक अट आहे,” ते म्हणाले. “पलीकडे ज्याच्या हातात हत्यार नसेल, त्याला हात लावायचा नाही.”

“नागरिक आन्सेल्मो, मी शब्द देतो. माझ्या माणसांनाही बजावतो.”

त्याने बजावलं, मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्या बाबतीत मात्र त्याच्याविषयी कुणी खोटं बोलू नये.

बाबांनी ती अट का घातली, हे त्या छपराखाली दोघांनाच ठाऊक होतं, त्यांना आणि मला. त्या चौकीवर माझा भाऊ होता.

तिबुर्सिओ त्याचं नाव, घरात तिबू. आई गेली तेव्हा तो रांगत होता, मीच त्याला वाढवलं. लहानपणी तो अडखळत बोलायचा, गाताना मात्र अजिबात अडखळायचा नाही. म्हणून बाबांनी त्याला काठावर उभा करून ओ द्यायला शिकवलं. बाबा पाण्यात, तिबू पलीकडच्या काठावर, मी होडीत, असे आमचे किती पावसाळे गेले. ओळीचा शेवटचा शब्द तो उगाचच लांबवायचा आणि वर न्यायचा. बाबा रागवायचे, म्हणायचे, गाईला बोलावतोयस की पोरीला. तो आणखी लांबवायचा.

मग एका सणाला त्याने मालकाची एक कालवड मारली आणि सगळ्या गुराख्यांना खाऊ घातली. मालक डॉन हेनारो. हजारो जनावरांचा धनी, त्याला एक कालवड म्हणजे किती? पण त्याने तिबूला खांबाला बांधून फटके मारले आणि मोजायला बाबांना उभं केलं, कारण बाबा कळपाचे मुकादम होते. बाबांनी मोजले. पुढे लढाई सुरू झाली, डॉन हेनारो स्वातंत्र्याच्या बाजूला गेला आणि राजाची माणसं गावोगाव सांगत फिरू लागली, की आमच्याकडे या, मालकांची जनावरं तुमची. तिबू गेला. आज कुणी त्याला देशद्रोही म्हटलं तर मी त्या माणसाला एवढंच विचारते, की तुझी पाठ कधी कुणी फोडली होती का?

तो निघाला तेव्हा बाबा दारात आडवे उभे होते.

“गेलास तर पुन्हा मी तुला हाक मारणार नाही,” बाबा म्हणाले.

“मारलीत तरी मी ओ देणार नाही,” तिबू म्हणाला, आणि त्यांच्या काखेखालून वाकून निघून गेला. दोघंही एका मुशीतले, बोललं की बोललं.

त्यानंतर दोन पावसाळे त्याचा पत्ता नव्हता. मग एका कोळ्याने मला सांगितलं, की तिबू समोरच्याच चौकीवर आहे, जाड झालाय आणि तुझी आठवण काढतो. मी ते बाबांना सांगितलं. ते नुसतं “बरं” म्हणाले.

पार जायच्या आदल्या संध्याकाळी मी तिबूची निजायची झोळी काढली, झटकली आणि तिच्या जुन्या जागी टांगली. माझं गणित साधं होतं. चौकी पडेल, तिबू पकडला जाईल, कॅप्टनचा शब्द आहे म्हणून मारला जाणार नाही, चार शिव्या खाईल आणि घरी येईल. मला देश हवा होता की नाही ते मला आजही सांगता येणार नाही. मला तो घरी हवा होता.

बाबा दारातून बघत होते.

“कॅप्टनला सांगू या का?” मी विचारलं. “आपला माणूस आहे तिथे म्हणून?”

“सांगितलंस तर तो म्हणेल, बापानं पोराशी संधान बांधलंय. मग त्याच्यावरही विश्वास नाही आणि आपल्यावरही नाही.”

“आणि बाबा, ओ त्यानंच दिली तर?”

बाबा झोळीच्या दोरीची गाठ उगाचच पुन्हा आवळत राहिले. “तिथं मैदानातली आणखी पोरं आहेत,” ते म्हणाले. “चांदणीला आज जास्त पळवू नकोस. पुढे तिलाच घालायचंय.”

चांदणी माझी दुभती गाय. कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून ते नाव.

सकाळी नदीवर धुकं होतं. उजाडलं होतं, पण पलीकडचा काठ दिसत नव्हता. बाबांनी अंगातला सदरा काढून माझ्या होडीत टाकला. आमच्याकडे जाळायची राहिलेली एकच होडी होती, झाडाचं खोड कोरलेली, आणि ती गवतात लपवलेली होती. ती घेऊन मी कळपाच्या खालच्या अंगाला राहायचं, वाहून जाणारी जनावरं वल्ह्याने वर ढकलायची, हे माझं नेहमीचं काम. मागे कॅप्टनची माणसं पाण्यात उतरत होती. प्रत्येकाने एका हातात शेपटी धरलेली आणि पाठीला भाला बांधलेला. बंदुका भिजतील म्हणून मागेच ठेवल्या होत्या. माझ्या सगळ्यांत जवळ बेनितो नावाचा एक गप्प माणूस होता. राजाच्या घोडेस्वारांनी त्याचं घर पेटवलं तेव्हा आत त्याची बायको-मुलं होती, असं लोक सांगत. तो जेवताना कुणाशी बोलत नसे.

बाबा छातीभर पाण्यात गेले, मागे वळून चांदणीकडे बघितलं आणि हाक घातली.

“चल गं बाई, चल गं पाण्यात, पलीकडे कुणी आहे का?”

चांदणीने कान हलवले आणि पाय पाण्यात टाकला. तिच्यामागे सगळा कळप उतरला. मी मागे बघितलं तर कॅप्टन उर्बिना, बूट गळ्यात अडकवून, एका म्हाताऱ्या बैलाची शेपटी दोन्ही हातांनी धरून येत होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला हसू आलं. त्या सकाळचं शेवटचं.

मधली धार लागली. पाण्याचा जोर होडीच्या बुडाला कळत होता. पुढचा काठ नाही, मागचा काठ नाही, नुसती शिंगं आणि फुरफुरणाऱ्या नाकपुड्या.

बाबांनी पुन्हा हाक घातली. ओ आली नाही.

आणखी एकदा. पलीकडे काहीच नव्हतं.

चांदणीची मान वळली. तिच्या उजवीकडची लाल गाय तिच्यावर आली, मागचा बैल त्या दोघींवर. कळपाचा गोल पडायला लागला होता. एक शिंग माझ्या होडीला लागलं आणि पाणी आत आलं. मागून कुणीतरी ओरडलं, शेपटी सुटलेला एक माणूस बुडून वर आला आणि पुन्हा गेला. मी वल्हं मारत होते, पण इतकी जनावरं एकट्या बाईने कुठे ढकलायची? बाबा गाणं म्हणत होते. त्यांचा आवाज फाटला होता.

“पलीकडे कुणी आहे का?”

आणि धुक्यातून ओ आली.

“आहे गं बाई, आहे गं आहे, कोरड्या वाटेवर मी उभा आहे.”

शेवटचा शब्द लांबवलेला. वर नेलेला.

चांदणीची मान सरळ झाली. लाल गाय तिच्या मागे लागली. बघता बघता सगळा गोल सुटला आणि कळप पलीकडे निघाला.

“बाबा,” मी म्हटलं. “बाबा, तो आहे.”

ते माझ्यापासून दोन हातांवर पोहत होते. त्यांनी गाणं थांबवलं तर काय होईल, ते मला कळत होतं आणि त्यांनाही. कळप पुन्हा फिरेल. शेपट्या धरलेली माणसं जातील. माझ्या होडीत घोट्यापर्यंत पाणी होतं आणि ती सगळ्यांच्या आधी गेली असती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग होडीतल्या पाण्याकडे बघितलं.

“वल्हव,” ते म्हणाले, आणि पुढची हाक घातली.

बाप हाक मारत होता आणि मुलगा ओ देत होता. इतकं चांगलं ते दोघं कधी गायले नव्हते, हे सांगायची मला लाज वाटते, पण खरं आहे. तिबूचा आवाज भरला होता. पोराचा राहिला नव्हता, माणसाचा झाला होता. दर ओळीला तो जवळ येत होता आणि मी मनात म्हणत होते, गप्प बस, पळून जा. तोंडातून मात्र शब्द निघत नव्हता, कारण चौकीवर फक्त तोच नव्हता आणि माझ्या मागे इतकी माणसं पाण्यात होती.

मग धुकं पातळ झालं आणि तो दिसला. कंबरभर पाण्यात उतरला होता. बंदूक मागे झुडपाला टांगलेली. दोन्ही हात पुढे केलेले, नेहमीसारखे, पहिल्या गाईची शिंगं धरून तिला वाटेवर घ्यायला. कोळी म्हणाला होता तसा खरंच जाड झाला होता.

चांदणीचे पाय जमिनीला लागले. त्याने तिची शिंगं धरली, तिचं कपाळ थोपटलं आणि बाबांकडे बघितलं.

“बाबा,” तो म्हणाला. “तुम्ही हाक मारलीत.”

बाबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. बेनितो तोवर लाल गाईच्या आडून उभा राहिला होता. त्याच्या हातात भाला होता.

कॅप्टन मागून पाण्यात धडपडत ओरडत होता, “हत्यार नाही त्याच्याकडे, हत्यार नाही.” ते बेनितोला ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही. त्याने राजाच्या शिपायाचा सदरा बघितला होता.

चौकी पडायला वेळ लागला नाही. बाकीचे शिपाई झोळ्यांतून उठेपर्यंत सगळं संपलं. बाबा पाण्यात बसून होते आणि तिबूचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. चांदणी तिथेच उभी राहिली. कॅप्टन आला. त्याचे बूट अजून गळ्यात होते.

“माझा शब्द मोडला,” तो म्हणाला. “मी त्या माणसाला शिक्षा करीन. हा कोण होता, नागरिक आन्सेल्मो? ओळखीचा होता का?”

बाबांनी मान वर केली. मला वाटलं, आता सांगतील.

“चौकीवरचा होता,” ते म्हणाले. “गायचा चांगला.”

कॅप्टनला ते कधीच कळलं नाही. तो पुढे डोंगरांपलीकडच्या लढाईत पडला. बेनितोचं काय झालं ते माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. आमची फौज त्या वाटेने पलीकडे गेली, दोन दिवस आमचाच कळप कापून खाल्ला आणि पुढे जाऊन जिंकली. चांदणीला मात्र मी कापू दिलं नाही. स्पेनचा राजा गेला. डॉन हेनारो मात्र परत आला. जनावरं त्याचीच राहिली, रानही त्याचंच, फक्त आता तो आम्हाला नागरिक म्हणून फटके मारू शकत होता. कॅप्टन उर्बिना असता तर त्याला वाईट वाटलं असतं.

आता दर वर्षी त्या दिवशी गावातली शाळेची मुलं नदीवर जातात आणि बाबांची हाक एकसुरात म्हणतात. नव्या मास्तरांनी मला विचारलं, “आजी, या गाण्याला पुढची ओळ असेल ना?” मी सांगितलं, एवढंच आहे. मुलं पाण्याकडे तोंड करून ‘पलीकडे कुणी आहे का’ असं विचारतात, टाळ्या वाजतात आणि मग लाडू वाटावेत तसा सगळ्यांना गूळ वाटतात.

बाबा त्या सकाळनंतर गायले नाहीत. कळप न्यायला दुसरा माणूस ठेवावा लागला. आम्ही त्या दिवसाबद्दल बोलत नव्हतो आणि माझ्या मनात एक गोष्ट वर्षानुवर्षं कुजत होती. मला वाटायचं, यांना ठाऊक होतं. ओ तिबूच देणार हे पक्कं ठाऊक होतं, त्याच भरवशावर ते पाण्यात उतरले, मुलाला गळाला लावून. त्यांना जेवण वाढताना, त्यांचे पाय चेपताना माझ्या मनात हेच असायचं.

शेवटी त्यांना दिसेनासं झालं, तेव्हा मी त्यांना संध्याकाळी हाताला धरून नदीवर बसवायची. एकदा तिथेच माझ्या तोंडून निघून गेलं.

“बाबा, तिबूच ओ देईल हे तुम्हाला माहीत होतं ना?”

त्यांनी तोंड पाण्याच्या आवाजाकडे वळवलं.

“नाही,” ते म्हणाले. “मला वाटलं, दुसरं कुणी देईल. आपला झोळीत पडून राहील आणि पकडला जाईल. म्हणाला होता ना, मारलीत तरी ओ देणार नाही. हट्टी पोर. मी त्याच्या रागाच्या भरवशावर उतरलो, रेमी.”

मी त्यांच्या पायावरचा डास हाकलला.

“मला कुठे माहीत,” बाबा म्हणाले, “त्याचा राग गेला होता.”

अंधारायला लागलं होतं. मी त्यांना उठवलं, सदऱ्याला लागलेली माती झटकली आणि घरी घेऊन आले. तिबूची झोळी तेव्हाही टांगलेलीच होती. त्या रात्री मी त्यांना त्याच झोळीत निजवलं.